उन्हाळी बायबल-शाळांतील ध्वज व प्रतिज्ञा : एका विधीचा विचार

वैशाखाच्या उन्हाने नागपुरातील शाळा ओस पडतात, त्याच सुमारास शहरातील अनेक ख्रिस्ती देवळांच्या आवारात सकाळच्या प्रहरी मुलांची वर्दळ सुरू होते. गीते, बायबलातील कथा, पाठांतर, हस्तकला आणि खेळ असा या वर्गांचा क्रम असतो. या उपक्रमास मराठी ख्रिस्ती मंडळींत ‘सुट्टीतील बायबल-शाळा’ म्हणतात. परंतु बोलण्यात ‘व्ही. बी. एस.’ ही इंग्रजी आद्याक्षरेच अधिक रूढ आहेत. उपक्रमाचे नाव जसे परदेशातून आले तसाच त्याचा आराखडाही आला. त्या आराखड्यातील एक लहानसा, वरवर पाहता निरुपद्रवी वाटणारा भाग हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अमेरिकेतील अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत या शाळेचा प्रत्येक दिवस एका संचलनाने सुरू होतो. तीन मुले पुढे चालतात. एकाच्या हाती राष्ट्रध्वज, दुसऱ्याच्या हाती ‘ख्रिस्ती ध्वज’ व तिसऱ्याच्या हाती बायबल असते. इतर मुले उभी राहतात आणि या तिन्हींस उद्देशून क्रमाने तीन प्रतिज्ञा म्हणतात. भारतात आलेल्या अभ्यासक्रमांतून या प्रथेचा किती अंश उचलला जावा याविषयी मंडळी-मंडळीत भिन्न पद्धती आहेत. तथापि प्रथा पूर्णतः उचलली जावो वा अंशतः, तिच्यातून उभे राहणारे प्रश्न तेच आहेत. धर्मस्थानात राष्ट्रध्वजाचे प्रयोजन काय? धर्माला स्वतःचा ध्वज असावा काय? आणि आठ-दहा वर्षांचे मूल जेव्हा एकाच दमात तीन निष्ठा उच्चारते, तेव्हा ते नेमके कोणते वचन देत असते?

उपक्रमाचा उगम

या शाळांचा प्रारंभ साधारणतः १८९४ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील होपडेल या गावी झाला, असे मानतात. डी. टी. माइल्स या शिक्षिकेस रविवारच्या एका तासात बायबलचे शिक्षण पुरेसे होत नाही असे जाणवले. तिने उन्हाळी सुट्टीत चार आठवडे रोज भरणारी शाळा काढली. त्यानंतर १८९८ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या पूर्व भागात एलायझा हॉज या बाईंनी रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठी असाच वर्ग चालविला. त्यासाठी त्यांनी भाड्याने घेतलेली जागा म्हणजे एक मद्यगृह होते. रॉबर्ट बोव्हिल यांनी १९०१ पासून या विखुरलेल्या प्रयत्नांना संघटित रूप दिले व पुढे त्याची जागतिक संघटना उभारली. १९२३ मध्ये एका प्रकाशनसंस्थेने इयत्तावार छापील अभ्यासक्रम बाजारात आणला, आणि तेव्हापासून एका देशातील पाठ दुसऱ्या देशात जसाच्या तसा पोहोचणे सुलभ झाले.

या इतिहासात एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हॉज व बोव्हिल यांच्यासमोर असलेली मुले प्रामुख्याने स्थलांतरित कुटुंबांतील होती. त्यांना ख्रिस्ती करणे व त्यांना अमेरिकन करणे या दोन उद्दिष्टांमधील सीमारेषा त्या काळी फारशी स्पष्ट नव्हती. राष्ट्रध्वज बायबलशेजारी येऊन उभा राहिला तो या पार्श्वभूमीवर.

ख्रिस्ती ध्वज व त्याची प्रतिज्ञा

ख्रिस्ती ध्वजाचा जन्म योगायोगाने झाला. २६ सप्टेंबर १८९७ रोजी ब्रुकलिनमधील कोनी आयलंड येथील ब्रायटन चॅपेलमध्ये रविवारच्या शाळेचा मेळावा भरला होता. नियोजित वक्ता आला नाही. शाळेचे अधीक्षक चार्ल्स ओव्हरटन यांना आयत्या वेळी काहीतरी बोलणे भाग पडले. समोर अमेरिकेचा राष्ट्रध्वज होता. त्यावरून त्यांनी मुलांना विचारले, की ख्रिस्ती लोकांचा ध्वज असता तर तो कसा असता? या प्रश्नातून पुढे दहा वर्षांनी, म्हणजे १९०७ मध्ये, राल्फ डिफेनडॉर्फर यांच्या साहाय्याने प्रत्यक्ष ध्वज तयार झाला. त्याचे क्षेत्र पांढरे, वरच्या कोपऱ्यात निळा चौकोन व त्यात तांबडा क्रूस अशी त्याची रचना आहे. रंग तेच, कोपऱ्यातील चौकोन तोच. अमेरिकेच्या ध्वजाचा ठसा त्यावर स्पष्ट दिसतो. तो कोणत्याही एका पंथाच्या मालकीचा नाही, असे त्याच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे होते. परंतु रोमन कॅथलिक व ऑर्थोडॉक्स परंपरांनी तो स्वीकारला नाही. तो मुख्यतः प्रॉटेस्टंट मंडळ्यांपुरताच राहिला. १९०८ मध्ये लिन हॅरल्ड हफ या मेथडिस्ट पाळकाने या ध्वजाची प्रतिज्ञा रचली. ध्वजाशी व तो ज्याच्या राज्याचे प्रतीक आहे त्या तारणाऱ्याशी निष्ठा, आणि सेवा व प्रेम यांनी जोडलेले सकल मानवांचे बंधुत्व, असा तिचा आशय आहे.

या प्रतिज्ञेचा वाक्यबंध हफ यांचा स्वतःचा नाही. तो १८९२ सालच्या अमेरिकन राष्ट्रीय प्रतिज्ञेवरून घेतलेला आहे. तिचे कर्ते फ्रान्सिस बेलामी हे स्वतः बॅप्टिस्ट धर्मोपदेशक होते. कोलंबसाच्या प्रवासास चारशे वर्षे पूर्ण होत असता ‘यूथ्स कंपॅनियन’ या बालनियतकालिकासाठी त्यांनी ती लिहिली. विशेष हे की, धर्मोपदेशकाने लिहिलेल्या या प्रतिज्ञेत ईश्वराचा उल्लेख मुळीच नव्हता. तो अमेरिकन काँग्रेसने १९५४ मध्ये घातला. म्हणजे एका धर्मोपदेशकाने राष्ट्रासाठी ईश्वरविरहित प्रतिज्ञा लिहिली, दुसऱ्याने तिच्याच साच्यात ख्रिस्ताची प्रतिज्ञा ओतली, आणि अखेरीस राष्ट्राने आपल्या प्रतिज्ञेत ईश्वरास आणले. राष्ट्र व मंडळी यांनी एकमेकांची भाषा उसनी घेण्याचा हा क्रम युद्धकाळात अधिक दृढ झाला. चर्चेसच्या फेडरल कौन्सिलने ख्रिस्ती ध्वजास मान्यता दिली ती १९४२ मध्ये, आणि अमेरिकन काँग्रेसने राष्ट्रध्वजाचे नियम संहिताबद्ध केले तेही त्याच वर्षी. पूर्वी ही प्रतिज्ञा ध्वजाकडे हात लांबवून म्हणत. नाझी अभिवादनाशी असलेल्या साम्यामुळे त्याच वर्षाच्या अखेरीस ती रीत बदलून हात हृदयावर ठेवण्याचे ठरले.

ख्रिस्ती परंपरेतील आक्षेप

या विधीस विरोध धर्मविन्मुखांकडून झाला असेल असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः सर्वांत चिवट विरोध ख्रिस्ती परंपरेतूनच आला. डोंगरावरील प्रवचनात ख्रिस्ताने शपथ मुळीच वाहू नये, होकार तो होकार व नकार तो नकार असावा, असे सांगितले आहे. मेनोनाइट पंथाने हे वचन शब्दशः मानले. त्या पंथाचे लोक शपथ घेत नाहीत व शस्त्रही धरीत नाहीत. हा पंथ मध्य प्रांतास अपरिचित नव्हता. नागपूर ही ज्या प्रांताची राजधानी होती त्यातील धमतरी येथे १८९९ मध्ये, दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मेनोनाइट मिशनने कार्य आरंभिले. अमेरिकन मिशनरी म्हणजे ध्वज व प्रतिज्ञा, असे समीकरण मांडता येत नाही, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

यहोवाचे साक्षीदार या पंथाने आक्षेप याहून पुढे नेला. ध्वजास वंदन ही मूर्तिपूजाच होय अशी त्यांची श्रद्धा आहे. शाळेत ध्वजवंदन न करणाऱ्या त्यांच्या मुलांना काढून टाकण्याचा अधिकार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४० मध्ये मान्य केला; परंतु तीनच वर्षांनी, १४ जून १९४३ रोजी, बार्नेट खटल्यात त्याच न्यायालयाने आपला निर्णय फिरविला. सक्तीने वदवून घेतलेली निष्ठा ही निष्ठा नव्हे, हे त्या निर्णयाचे मर्म होते. आणि तो महायुद्ध ऐन भरात असताना दिला गेला, हे त्याचे वैशिष्ट्य.

भारतात हाच प्रश्न केरळात उद्भवला. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहणारी, परंतु ते न गाणारी तीन भावंडे १९८५ च्या जुलैमध्ये शाळेतून काढली गेली. ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या खटल्यात ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला. गाण्याची सक्ती करणारा कायदा नाही, आणि आदराने उभे राहणे हा अनादर होऊ शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. आदर व उच्चार या दोन गोष्टी भिन्न आहेत, हा या निर्णयाचा विचारवंतांस उपयोगी असा धडा आहे.

नागपूरचा संदर्भ

विधी एका भूमीतून दुसऱ्या भूमीत जातो तेव्हा त्याचे शब्द तेच राहिले तरी अर्थ तोच राहत नाही. नागपुरात ध्वज हा निव्वळ सजावटीचा विषय कधीच नव्हता. १३ एप्रिल १९२३ रोजी, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, चरखांकित तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघालेली मिरवणूक पोलिसांनी अडविली. १ मेपासून जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली झेंडा सत्याग्रह सुरू झाला व पुढे त्याची सूत्रे वल्लभभाई पटेलांनी हाती घेतली. निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या दीड हजारांहून अधिक सत्याग्रहींनी तुरुंगवास पत्करला. ऑगस्टमध्ये ध्वज सिव्हिल लाइन्समधून नेला गेला तेव्हाच सत्याग्रह थांबला. ज्या वस्तीत तिरंगा नेण्यास बंदी होती, त्याच सिव्हिल लाइन्समध्ये पुढे भारतीय चर्चेसच्या राष्ट्रीय परिषदेचे मुख्य कार्यालय नांदले, हा इतिहासाचा सूचक योगायोग होय.

याच शहरात १९२५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने भगव्या ध्वजास गुरुस्थानी मानले व स्वयंसेवकाच्या प्रतिज्ञेची प्रथा घातली. याच शहरात ऑक्टोबर १९५६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांस धम्मदीक्षेबरोबर बावीस प्रतिज्ञा दिल्या. वारकऱ्याच्या खांद्यावरील पताका तर त्याहून कितीतरी जुनी. तात्पर्य, ध्वज खांद्यावर घेणे व समुदायाने एकमुखाने वचन उच्चारणे या गोष्टी नागपूरकरांस परक्या नाहीत. परंतु म्हणूनच येथे कोणता ध्वज, कोणत्या क्रमाने व कोणाच्या शेजारी उभा केला, याकडे लोकांचे लक्ष असते.

ख्रिस्ती समाजाच्या बाबतीत हे लक्ष पुष्कळदा संशयाचे होते. मध्य प्रदेश शासनाने १९५४ च्या एप्रिलमध्ये निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. तेव्हा नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात, धर्मांतरामुळे व्यक्तीची आपल्या समाजाशी असलेली एकात्मता विस्कळित होते व देशनिष्ठा ढळण्याचा धोका संभवतो, असा निष्कर्ष काढला गेला. ख्रिस्ती संस्थांनी तो अमान्य केला. निष्कर्षाची योग्यायोग्यता हा येथील विषय नाही. परंतु त्यानंतर या भागातील ख्रिस्ती मुलाच्या हाती दिलेला कोणताही ध्वज हा एका अर्थी साक्षीपुरावा ठरला, हे मात्र खरे. मंडळीने तिरंगा उभारला तर ते प्रदर्शन ठरते, न उभारला तर उणीव ठरते, आणि त्याशेजारी दुसरा ध्वज उभारला तर प्रतिस्पर्धा ठरते. अमेरिकेत बहुसंख्याकांचा असलेला विधी येथे अल्पसंख्याकांचा झाला, एवढ्यानेच त्याचा भार किती बदलतो, हे यावरून दिसून येईल.

वास्तविक या समाजाची देशनिष्ठा ध्वजावाचून अनुच्चारित राहिली होती असे नाही. धर्मांतरापूर्वी काही काळ नागपुरात राहिलेले नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी भक्तिगीतांबरोबर देशभक्तीची कविताही लिहिली. भजन-कीर्तनाच्या देशी रूपांतून उपासना व्हावी असा त्यांचा आग्रह होता. २२ जुलै १९४७ रोजी संविधानसभेने तिरंगा स्वीकारला तेव्हा फ्रँक अँथनी व जेरोम डिसूझा या ख्रिस्ती सदस्यांनी ठरावास पाठिंबा देणारी भाषणे केली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली तीही नागपुरातच. परदेशी मिशनांची नावे बाजूस सारून भारतीय नाव धारण करण्याचा तो प्रसंग होता.

भारतीय प्रतिज्ञांचे स्वरूप

भारतात राष्ट्रीय प्रतिज्ञा म्हणून मुलांस परिचित असलेला मजकूर पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये तेलुगूत लिहिला. तेव्हा ते विशाखापट्टणम येथे कोषागार अधिकारी होते. २६ जानेवारी १९६५ पासून तो देशभर रूढ झाला व महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तकांच्या आरंभी छापला जातो. या मजकुरात ध्वजाचा उल्लेख नाही. देश, देशबांधव, पालक, गुरुजन, वडीलधारी माणसे यांच्याशी असलेले नाते त्यात सांगितले आहे, आणि निष्ठेचे वचन आहे ते देशास व देशातील माणसांस. येथे निष्ठेचा विषय प्रतीक नसून माणसे आहेत.

याखेरीज आणखी एक प्रतिज्ञा आहे, जी फारशी परिचित नाही. २६ जानेवारी २००२ पासून अमलात आलेल्या भारतीय ध्वजसंहितेत शाळांतील ध्वजवंदनाची रीत दिली आहे. तीत राष्ट्रध्वजाशी व तो ज्याचे प्रतीक आहे त्या प्रजासत्ताकाशी निष्ठा व्यक्त करणारे एक वाक्य आहे. त्याची घडण बेलामींच्या वाक्याशी थेट जुळते. परंतु मुद्रा मात्र भिन्न आहे. ही प्रतिज्ञा हात जोडून म्हणावयाची असते. हृदयावर हात ही अंतःकरणाच्या साक्षीची खूण. जोडलेले हात ही आपल्याकडे नमस्काराची व प्रार्थनेचीही खूण. ज्या मुद्रेने मूल देवापुढे उभे राहते त्याच मुद्रेने त्यास ध्वजापुढे उभे राहावयास सांगितले, तर उपासना व आदर यांतील भेद शिक्षकाने शब्दांनी समजावून देणे अधिकच अगत्याचे होते.

ध्वजसंहितेच्या अन्य नियमांकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. राष्ट्रध्वजाहून उंच, त्याच्या वर किंवा त्याच्या बरोबरीने दुसरा ध्वज लावता येत नाही. अन्य राष्ट्रांच्या ध्वजांपुरते स्वतंत्र नियम आहेत. यास्तव अमेरिकन पाठात दाखविलेली दोन समान दांड्यांवरील ध्वजांची जोडी येथे जशीच्या तशी उभारणे योग्य नव्हे. राष्ट्रध्वजावर कोणतीही अक्षरे लिहू नयेत असाही नियम आहे; तेव्हा हस्तकलेच्या तासाला कागदी तिरंग्यावर बायबलचे वचन लिहविणे हे सद्हेतूने केले तरी नियमबाह्यच ठरेल. तसेच कागदी ध्वज कार्यक्रमानंतर जमिनीवर टाकून देता येत नाहीत. संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार शासनमान्य वा अनुदानित शिक्षणसंस्थेत पालकाच्या संमतीवाचून अज्ञान मुलास धार्मिक शिक्षण वा उपासना यांत सहभागी करता येत नाही. देवळाच्या आवारातील स्वतंत्र वर्गास हा नियम लागू होत नसला, तरी त्यामागील तत्त्व तेथेही विचारात घेण्याजोगे आहे. कारण या वर्गांना शेजारपाजारची अख्रिस्ती मुलेही येतात.

उपसंहार

प्रतिज्ञेच्या समर्थकांचा युक्तिवाद क्षुल्लक नाही. मूल अर्थ कळण्यापूर्वी पाठ करते व पाठ केलेले पुढे अर्थाला आश्रय देते, हा शिक्षणशास्त्रातील जुना अनुभव आहे. पाढे, श्लोक व स्तोत्रे याच मार्गाने आली. परंतु पाढा व प्रतिज्ञा यांत एक मूलभूत भेद आहे. पाढा म्हणणारा कोणास काही देऊ करीत नाही; प्रतिज्ञा म्हणणारा स्वतःस बांधून घेतो. ‘तीस’ हा शब्द चुकला तर मूल तो सुधारते. ‘निष्ठा’ हा शब्द कळलाच नाही, तर ते कोणास बांधले गेले हे त्यास ठाऊकही नसते. भारत स्काउट्स अँड गाइड्सच्या वचनात ईश्वर व देश ही दोन्ही कर्तव्ये एकाच वाक्यात येतात आणि ‘ईश्वर’ याऐवजी ‘धर्म’ हा शब्द वापरण्याची मुभा आहे. वचन देणाऱ्याच्या विवेकास जागा ठेवण्याचे हे एक उत्तम उदाहरण होय.

ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे दोन निष्ठा समान पातळीवर असू शकत नाहीत; एक अंतिम व दुसरी तिच्या मर्यादेत खरी. संविधानाच्या दृष्टीने मात्र नागरिकाची अंतिम श्रद्धा हा शासनाचा विषयच नाही. आदर व कायदापालन एवढेच ते मागते. या दोन भूमिका परस्परविरोधी नाहीत. त्या विरोधी भासू लागतात त्या दोघींना एकाच संचलनात, एकाच चालीवर व एकाच साच्याच्या वाक्यात बसविल्यामुळे. मंडळीने राष्ट्रीय सणास तिरंगा उभारावा, रोजच्या वर्गात उपासना करावी, आणि प्रत्येकीचा अर्थ मुलास निरनिराळा सांगावा, यात दोहोंचाही मान राहतो.

कोनी आयलंडच्या त्या दुपारी ओव्हरटन यांनी मुलांपुढे प्रथम ठेवला तो प्रश्न होता. ध्वज व प्रतिज्ञा नंतर आल्या. पुढील पिढ्यांच्या वाट्याला उत्तर तेवढे आले व प्रश्न मागे पडला. उन्हाळी वर्गात बसलेल्या नागपूरच्या मुलास तो प्रश्न पुन्हा विचारला गेला, तर त्याचे उत्तर कदाचित निराळे येईल. आणि ते त्याचे स्वतःचे असेल.